आंबोलीचं धुकं आणि पिवळा फ्यूज: घरच्या घरी फॉग लाइट सुधारण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डॉक्टर माझे शेजारी. जनावरांचे डॉक्टर. आजऱ्याहून आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात आम्ही राहतो. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होतो, त्यामुळे गावात सगळे मला मास्तर म्हणतात आणि गाडी घुरघुरली की माझ्याच दारात आणून लावतात. हे प्रकरण डॉक्टरांच्या परवानगीनं लिहितोय. गावाचं नाव आणि गाडीचं मॉडेल तेवढं वगळलंय.

आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून सरला की ढग रस्त्यावरच उतरतात ते गणपतीपर्यंत मुक्कामाला असतात. दिवसासुद्धा बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, रात्रीचं तर विचारूच नका. शहाणा माणूस अशा रात्री घराबाहेर पडत नाही. पण डॉक्टरांना फोन येतो तोच रात्री. कुणाची म्हैस अडलेली असते, कुणाची ताजी व्यालेली गाय दुग्धज्वरानं मान पोटाशी वळवून बसलेली असते. तिला शिरेतून कॅल्शियम वेळेत गेलं तर ती तासाभरात उठून उभी राहते, नाही गेलं तर पहाटेपर्यंत खेळ संपतो. म्हणजे धुक्यात गाडी न काढणं हा सगळ्यात चांगला पर्याय डॉक्टरांना मुळातच नव्हता. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवावं.

गाडी २०१५ ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. कंपनीच्या स्वस्तातल्या मॉडेलमध्ये फॉग लाइट येत नाहीत, बंपरमध्ये त्यांच्या जागी काळी झाकणं असतात. २०१९ मध्ये डॉक्टरांनी एका ॲक्सेसरीच्या दुकानातून फॉग लाइटचा जोड बसवून घेतला. एच ११ चे ५५ वॉटचे हॅलोजन बल्ब, डॅशबोर्डवर एक वेगळं बटण, काम तासाभरात पूर्ण. तीन पावसाळे त्यावर निघाले. कुरकुर एकच होती, की उजेड कंदिलाएवढा पडतो.

अडचण

२०२२ च्या जून महिन्यात डॉक्टरांनी ऑनलाइन एलईडी बल्ब मागवले. खोक्यावर लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा एवढा मोठा होता की तेवढ्या उजेडात क्रिकेटची मॅच खेळवता आली असती. त्यांनी ते स्वतःच बसवले. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं, चाकामागच्या प्लास्टिकच्या क्लिपा काढून आत हात घालायचा, कपलर, म्हणजे बल्बला वायर जोडणारा प्लग, सोडवायचा, बल्ब पाव फेरा फिरवला की हातात येतो. ज्यानं म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू वळवलंय त्याला हे काय अवघड?

अंगणात उजेड पांढराशुभ्र पडला. वहिनींनी खिडकीतून विचारलं, "लग्न आहे का कुणाकडे?" डॉक्टर खूश झाले.

पहिल्याच धुक्याच्या रात्री खुशी ओसरली. दुसऱ्या दिवशी चहाला आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, समोर पांढरा पडदा लावल्यासारखं होतंय. लाइट बंद केला की जरा तरी दिसतंय. पैसे देऊन आंधळा झालो की काय?"

आठवड्यानं आंबोलीच्या अलीकडे समोरून एसटी आली. ड्रायव्हरनं दोनदा अप्पर-डिप्पर मारला. डॉक्टरांनी हेडलाइट डिप्पर केला, पण त्यांना ठाऊकच नव्हतं की त्रास खालच्या दिव्यांचा होतोय. एसटी अगदी शेजारी येऊन थांबली आणि खिडकीतून आवाज आला, "पाव्हणं, लाइट हाय का वेल्डिंग? डोळं फुटतील की आमचं!" डॉक्टरांनी माफी मागितली. मला हे सांगताना मात्र ते हसले नाहीत. "माझ्यामुळे तो एसटी घेऊन दरीत गेला असता तर?" एवढंच म्हणाले.

आमचं प्रकरण सुरू झालं ते इथून. तोवर प्रश्न 'उजेड कमी पडतो' एवढाच होता. आता तो 'उजेड भरपूर आहे, पण नको तिथे जातो' असा झाला. हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला देऊन चालत नाही, हे खरं तर डॉक्टरांनीच मला सांगायला हवं होतं.

डेअरीची भिंत

गावातल्या दूध डेअरीला चुन्याची पांढरी भिंत आहे आणि पुढे सपाट फरशी. संध्याकाळचं दूध गेल्यावर आम्ही गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी केली. डावीकडे जुना हॅलोजन परत घातला, उजवीकडे एलईडी तसाच ठेवला. डेअरीतली पोरं जमा झालीच.

डावीकडचा उजेड मिणमिणता आणि तांबूस होता, पण त्याची वरची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. कडेखाली उजेड, वर अंधार. उजवीकडे मात्र दोन प्रखर डाग पडले होते, मध्ये काळपट पट्टा, कडेचा पत्ताच नव्हता आणि उजेडाचा फराटा भिंतीवरून थेट कौलांखालच्या वाशांपर्यंत गेलेला. वाशावरचं कोळ्याचं जाळं लखलखत होतं. "बघा," मी म्हटलं, "ते जाळं म्हणजे एसटीचा ड्रायव्हर."

कारण साधं आहे. दिव्यातला आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर, हॅलोजनच्या तारेच्या मापानं घडवलेला असतो. ती तार चार-पाच मिलिमीटर लांबीची आणि चारी बाजूंना सारखी पेटणारी. एलईडीत तिच्या जागी एक चपटी पट्टी येते आणि तिच्या दोन बाजूंवर चिप असतात. प्रकाश निघतो तोच वेगळ्या जागेवरून आणि वेगळ्या दिशांनी, मग आरसा तरी काय करणार? फॉग लाइटचं सगळं कसब त्या सरळ कडेत असतं. धुक्याचा थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठा. त्याच्यावर पडलेला उजेड सगळीकडे फेकला जातो आणि त्यातला काही आपल्याच डोळ्यांत परत येतो. म्हणून फॉग लाइट खाली बसवतात, रुंद आणि चपटा पसरवतात आणि नजरेच्या रेषेत उजेड जाऊच देत नाहीत. त्या वरच्या पट्ट्यात जितकं जास्त लुमेन ओताल तितका पडदा दाट होतो.

पिवळ्या रंगाचंही इथेच उरकतो, कारण पोरांनी लगेच विचारलं. थेंब एवढे मोठे असल्यावर पिवळा उजेड धुकं भेदून जातो हे काही खरं नाही, सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. निळा भाग गाळल्यामुळे डोळ्यांना कमी टोचतं, एवढा फायदा बऱ्याच जणांना जाणवतो. फ्रान्समध्ये १९३७ पासून १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइटसुद्धा कायद्यानं पिवळे असत, तरी तिथल्या लोकांना धुक्यात काही इतरांपेक्षा जास्त दिसलं नाही.

पण मग डावीकडचा हॅलोजन एवढा मिणमिणता का? ५५ वॉटचा बल्ब असा पेटत नाही. मी घरून मल्टिमीटर आणला. इंजिन चालू ठेवून, दोन्हीकडे हॅलोजन घालून मोजलं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. बल्बच्या कपलरवर ११.६. मधले २.३ व्होल्ट वायरीतच जिरत होते. हॅलोजनचं असं असतं, की व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड फार कमी होतो, ढोबळमानानं व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताच्या हिशेबानं. हिशेब केला तर बल्ब निम्म्याच्या जरा वर उजेड देत होते. तीन पावसाळे डॉक्टरांनी दोन दिव्यांचे पैसे भरले आणि एकाचा उजेड वापरला.

आणि २.३ व्होल्ट जिरत होते म्हणजे वायर तापत असणार. डॅशबोर्डवरचं बटण हाताला चांगलंच गरम लागलं. खाली फ्यूजचा डबा उघडला. झाकणावरच्या तक्त्यात पार्किंग लाइटला १० अँपिअर लिहिलेलं, म्हणजे लाल फ्यूज. त्या जागी पिवळा बसला होता. पिवळा म्हणजे २०.

दुकानातल्या पोरानं काय केलं असेल ते कळायला वेळ लागला नाही. फॉग लाइटचा करंट त्यानं पार्किंग लाइटच्या मूळ वायरीतून सोलून घेतला होता. दोन बल्बांचे साडेआठ-नऊ अँपिअर आणि वर पार्किंग, टेल, नंबर प्लेट. दहाचा फ्यूज केव्हातरी जाणारच. तो गेला की विसाचा घातला. जिथे सोललं होतं तिथलं इन्सुलेशन तपकिरी पडून चुरचुरीत झालेलं. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. मोठा घातला की वायरच फ्यूज होते, आणि जळते ती डॅशबोर्डच्या आत. शिवाय भर धुक्यात तो फ्यूज गेला असता तर मागचे टेल लाइटही विझले असते.

तिथल्या तिथे निर्णय घेतला: फॉग लाइटचा कपलर काढून ठेवायचा, दहाचा लाल फ्यूज परत घालायचा आणि काम होईपर्यंत नुसत्या डिप्परवर, हळू जायचं. डॉक्टर जरा नाराज झाले. त्याच रात्री त्यांना फोन आला आणि ते तसेच गेले.

पर्याय

आमच्यापुढे चार वाटा होत्या. दोन-तीन संध्याकाळी वाद झाले, कारण डॉक्टरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

पहिली वाट त्यांची, एलईडीच ठेवायची. त्यांचा मुद्दा असा: "एलईडी करंट कमी ओढतो. मग वायर बारीक असली तरी काय बिघडतं? तुमचा व्होल्टेजचा प्रश्नच मिटला. उजेड वर जातोय तर दिवा खाली वाकवू." पहिला भाग शंभर टक्के बरोबर. दुसरा आम्ही करून पाहिला. बल्ब फिरवून चिपांची तोंडं बरोबर आडवी, डावी-उजवीकडे केली आणि दिवा खाली झुकवला. फराटा कमी झाला, गेला नाही. वाशांवरून खिडकीच्या चौकटीपर्यंत उतरला. त्याच्याही खाली आणायचा तर मुख्य उजेड गाडीच्या नाकाखालीच पडत होता. शिवाय एलईडीच्या मागे पंखा असल्यामुळे दिव्याचं मागचं रबरी झाकण बसत नव्हतं, आणि आमच्या पावसात उघडा दिवा म्हणजे महिन्याभरात मत्स्यालय. जाता जाता कळलं की एलईडी लावला की रेडिओवर खरखर येते. सांगलीचं आकाशवाणी केंद्र गेलं म्हणून वहिनींनीही या पर्यायाविरुद्ध मत दिलं.

दुसरी वाट १०० वॉटच्या हॅलोजनची. आमच्याकडच्या जीपवाल्यांचा हा लाडका उपाय. पण दिवा प्लास्टिकचा, आरशावरचा मुलामा पातळ, तो काळा पडतो, कधी वितळतोही. आणि आधीच तापलेल्या वायरीला दुप्पट ओझं. यावर चर्चा झाली नाही.

तिसरी वाट: आतून एलईडीसाठीच घडवलेला, स्वतःची भिंगं असलेला अख्खा नवीन जोड घ्यायचा. काचेवर वर्तुळात ई (दिव्याला मान्यता मिळाल्याची खूण) आणि फॉग लाइटसाठीचं बी किंवा एफ ३ हे चिन्ह असलेला. तत्त्वतः हाच उत्तम. पण खर्च आमच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे जात होता, आणि बंपरच्या खाचेत तो बसेल याची दुकानदार ग्वाही देईना. मी हा पर्याय जरा घाईनंच मोडीत काढला. त्यावर पुढे येतो.

चौथी वाट माझी: जुनेच ५५ वॉटचे हॅलोजन, पण बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, फ्यूज आणि रिले, म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्यात डॉक्टरांना 'अपग्रेड' असं काही दिसेना. "म्हणजे तीन वर्षांनी परत तिथंच?" मी म्हटलं, "तिथं तुम्ही अजून पोचलाच नाही."

कायद्याचंही बघितलं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की पुढचा दिवा समोर ८ मीटरवरच्या माणसाचे डोळे दिपणार नाहीत असा खाली झुकलेला हवा. चौथ्या वाटेत दिवा, बल्ब आणि वॉट काहीच बदलत नव्हतं, बदलत होती फक्त वायर. तीच धरली.

प्रत्यक्ष काम

कोल्हापूरहून तयार रिले किट आणलं. वायर बोटाएवढी जाड दिसत होती. एक टोक कापून ब्लेडनं खरवडलं तर तांब्याच्या रंगाखाली चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, तेही जेमतेम, बाकी सगळी जाडी इन्सुलेशनची. डॉक्टर म्हणाले, "पाणी घातलेलं दूध!" किटातला रिले आणि कपलर ठेवले. वायर मीटरवर विकत घेतली, शुद्ध तांब्याची, बॅटरीपासून रिलेपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर आणि तिथून प्रत्येक दिव्याला १.५.

श्रावणातला रविवार, उघडीप होती. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. रिलेचं गणित चार आकड्यांचं. ३० ला बॅटरीकडून, ८७ मधून दिव्यांना, ८५ ला अर्थिंग आणि ८६ ला बटणाकडून येणारी वायर. बटणाला करंट अजूनही पार्किंग लाइटच्या वायरीतूनच येतो, पण आता तो फक्त रिलेच्या गुंडाळीपुरता, एका अँपिअरच्या पाव हिश्श्याहूनही कमी. जळकी जागा कापून नीट जोडली, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवली. पार्किंग चालू असल्याशिवाय फॉग लागत नाही हा फायदा आपोआप राहिला. १५ चा निळा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर बिनसंरक्षणाचीच असते, ती जितकी आखूड तितकी बरी. रिले बसवला तो पाय खाली करून, म्हणजे पाणी आत साचत नाही. वायरी पन्हाळीच्या पाइपात घातल्या आणि कपलरपाशी थोडी झोळ ठेवली, पाणी तिथून ठिबकून खाली पडावं म्हणून.

इंजिन चालू केलं, बटण दाबलं, मोजलं. १२.७. माझा चेहरा पडला. २.५ ची वायर घालून १.२ व्होल्ट कुठे गेले? मी वायरीवर संशय घेत बसलो, पण डॉक्टरांनी विचारलं, "जाताना मोजलं, येताना मोजलं का?" मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थिंगला लावली. ०.८ व्होल्ट. अर्थिंगचा बोल्ट मी बॉडीच्या रंगावरच आवळला होता, आणि रंगातून करंट नीट जात नाही! आयटीआयत वर्षानुवर्षं पोरांना हेच ओरडून सांगत आलो होतो. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन फासलं. १३.५.

बल्ब नवे घातले, काचेला बोट न लावता. बोटाचं तेल लागलेली जागा तापून बल्ब लवकर जातो. दिव्यांच्या बाहेरच्या काचा दगड-चिखलानं आंधळ्या झाल्या होत्या, त्या टूथपेस्टनं घासून जमेल तेवढ्या उजळल्या.

मग पुन्हा डेअरीची भिंत. दिव्याचा मध्य जमिनीपासून ३८ सेंटीमीटरवर होता. ५ मीटरवर उजेडाची कड त्याच्या ८ सेंटीमीटर खाली, म्हणजे ३० वर यायला हवी. भिंतीवर खडूनं रेघ मारून स्क्रू फिरवले. जमलं, असं वाटलं तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "डिक्की रिकामी आहे." त्यांच्या डिक्कीत कॅल्शियमच्या बाटल्यांचे खोके, औषधांची पेटी आणि कृत्रिम रेतनाचं नायट्रोजनचं कंटेनर असतं. ते सगळं भरलं, डॉक्टर स्वतः सीटवर बसले आणि कड रेघेच्या वर सरकली. मागचं वजन गाडीचं नाक उचलतं. म्हणून कड भरल्या गाडीवर लावली. भिंतीवरची ती खडूची रेघ पुढे बरेच दिवस होती, डेअरीचा सेक्रेटरी बघून बघून कुरकुरत असे.

काय झालं

भिंतीवर उजेड जवळपास दुप्पट वाटला. हिशेबानंही पावणेदोन पटीच्या आसपास येतो. रस्त्यावर मात्र चमत्कार झाला नाही, तो होणारही नव्हता. डॉक्टरांचं पहिलं मत: "डावीकडची पांढरी पट्टी आता सलग दिसते. मोरी कुठे सुरू होते ते कळतं." एसटीवाल्यांनी अप्पर मारणं थांबवलं.

दहीहंडीच्या आसपास मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. रात्रीचे साडेअकरा. आंबोली यायच्या आधी एका वळणावर त्यांनी गाडी अगदी हळू केली आणि थांबवली. मला काहीच दिसत नव्हतं. मग उजेडाच्या पट्ट्यात, कडेखाली, चार पांढरे खांब दिसले. त्यातला एक हलला. गवा. त्याचं काळं धूड वरच्या अंधारात पूर्ण बुडालेलं होतं, दिसत होते ते फक्त गुडघ्याखालचे पांढरे मोजे. मागे आणखी एक जोडी, मग आणखी एक. आम्ही दिवे तसेच ठेवून बसून राहिलो. एलईडीच्या पडद्यात ते मोजे दिसले असते असं मला वाटत नाही.

पण मला त्या रात्री दुसरं जास्त लागलं. काच आतून पुसटली होती. डॉक्टर अधूनमधून हातरुमालानं पुसत, त्याचे ओघळ समोरच्या उजेडात चमकत. मी एसी लावून हवा काचेकडे वळवली आणि दोन मिनिटांत समोरचं निम्मं धुकं गेलं! दीड महिना आम्ही वायरी मोजत होतो आणि धुक्याचा एक हिस्सा गाडीच्या आतच बसला होता. घरी आल्यावर काच आतून साबणाच्या पाण्यानं धुतली, फडकं काळं निघालं.

वेगाचा हिशेब त्याच रात्री परतताना झाला. दिवे चांगले झाल्यावरही दाट धुक्यात वीसेक मीटरपलीकडे दिसत नव्हतं. ओल्या रस्त्यावर ताशी ३० नं जाताना ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर गाडी थांबायला सतराएक मीटर लागतात. ५० नं गेलात तर अडतीसच्या पुढे. म्हणजे वीस मीटर दिसत असताना पन्नासनं जाणारा माणूस गव्याच्या पलीकडे जाऊन थांबतो. डॉक्टर तेव्हापासून तीसच्या वर जात नाहीत, आणि मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात कामाचा बदल हाच, त्याला वायर लागली नाही.

भाद्रपदात डाव्या दिव्यात पाणी धरलं. मागच्या बाजूची हवेची बारीक नळी चिखलानं बुजली होती. ती मोकळी केली, दिवा अर्धा तास पेटवून ठेवला, हॅलोजनच्या उष्णतेनं आतून कोरडा झाला.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, भिंत आणि मीटर आधी, खरेदी नंतर. डॉक्टरांचे एलईडीचे पैसे वाया गेले ते खोक्यावरचा आकडा वाचून. माझंही तसंच झालं: किटाची वायर दुकानातच खरवडून बघायला हवी होती.

दुसरी, २०१९ मध्येच. दुकानातून गाडी बाहेर काढताना 'करंट कुठून घेतला?' एवढा एक प्रश्न विचारला असता तर तीन वर्षं डॅशबोर्डात निखारा ठेवून फिरायची वेळ आली नसती. फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडून रंग तक्त्याशी ताडायला अवजारही लागत नाही.

तिसरी माझ्याबद्दल. चिन्हांकित एलईडीचा अख्खा जोड मी खर्चाच्या नावाखाली बाजूला सारला, पण खरं सांगायचं तर त्या वेळी एलईडी या शब्दाचाच मला राग आला होता. रोज रात्री फिरणाऱ्या माणसासाठी कमी तापणारा, जास्त टिकणारा आणि कड नीट पाळणारा दिवा पाच वर्षांच्या हिशेबात कदाचित परवडला असता. पुढच्या गाडीला आम्ही तो लावून बघू. आत्ताच्याच गाडीला लावायचा ठरला, तरी रिले आणि वायर आहेच, ती त्यालाही चालेल.

चौथी, मागची बाजू. सगळा वेळ आम्ही पुढे बघण्यात घालवला. या गाडीला मागे फॉग लाइट नाही, आणि धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसणं तितकंच महत्त्वाचं. डॉक्टर पूर्वी घाटात चारही इंडिकेटर चालू ठेवून जात, आपल्याकडे बहुतेक सगळे जातात. तसं केलं की वळायचा इंडिकेटर कुणाला कळत नाही आणि थांबलेली गाडी चालती वाटते. ते आता सुटलंय. टेल लाइटच्या काचा पुसल्या, बल्ब नवे घातले, एवढंच झालं. मागचा दिवा अजून राहिलाय.

एलईडीचे बल्ब डॉक्टरांनी परत पाठवले नाहीत, मुदत संपली होती. एक जुनी बॅटरी, तिला तो जोड, आणि एक तुटका टेबललॅम्पचा पाय असं काहीतरी त्यांनी जमवलंय. वाडीवर वीज गेलेली असताना रात्री म्हैस अडली की ते गोठ्याच्या खुंटीला टांगतात. उजेड पांढराशुभ्र पडतो, वासराचं खूर पुढचं की मागचं ते लगेच कळतं. आणि समोरून कुणी येत नाही.